ट्रॅव्हल ट्रेलर जोडताना पुन्हा पुन्हा येणारा त्रास: लॅच फसवतो, आणि हायवेवर शेपूट हलतं

पहिल्याच सहलीत आमचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बॉलवरून (पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावरून) निसटला. टेक्सासमधल्या इंक्स लेक स्टेट पार्कातून सकाळी निघालो होतो. लॅच, म्हणजे जोडणी अडकवणारी खिट्टी, खाली दाबला होता, साखळ्या लावल्या होत्या, लाइट तपासले होते. रस्त्यावरच्या एका उंचवट्यावर मागून धाडकन आवाज आला आणि पिकअपला मागून कोणीतरी ओढल्यासारखा हिसका बसला. उतरून पाहिलं तर कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) बॉलवर नव्हताच, ट्रेलरची टंग, म्हणजे पुढची दांडी, साखळ्यांच्या झोळीत पडली होती. वेग जेमतेम १० मैल होता म्हणून निभावलं. मुलं मागच्या सीटवर होती. तो आवाज मला अजून आठवतो.

त्यानंतर माझ्या ओळखीतल्या चार-पाच मराठी घरांनी ट्रेलर घेतले, आणि प्रत्येकाचा पहिला फोन साधारण सारखाच असतो. एक तर लॅच लागत नाही, नाहीतर लागला असं वाटलं आणि तो लागलेलाच नव्हता. दुसरा फोन पहिल्या लांबच्या प्रवासानंतर येतो: "ट्रक शेजारून गेला की ट्रेलर डावी-उजवीकडे हलायला लागतो, हातातून गाडी जाईल असं वाटतं." मग एखादं महागडं उपकरण बसवलं जातं, चार दिवस बरं वाटतं आणि पुढच्या सहलीत तेच सुरू. या दोन्ही त्रासांची मुळं बहुतेक वेळा हिचपाशीच, म्हणजे पिकअप आणि ट्रेलरच्या जोडणीपाशीच, सापडतात, गाडी उभी असताना. म्हणून मी एकेक लक्षण घेऊन लिहिते. हे सगळं बॉल आणि कपलरच्या साध्या जोडणीबद्दल आहे, फिफ्थ व्हीलबद्दल (पिकअपच्या हौद्यात जोडायच्या ट्रेलरबद्दल) नाही.

आधी बॉलचं माप बघा

ट्रॅव्हल ट्रेलरला बहुतेक २ इंची किंवा २ पूर्णांक ५/१६ इंची बॉल लागतो. कपलरच्या वरच्या बाजूला माप ठोकलेलं असतं, बॉलच्या माथ्यावरही असतं. दोन्ही आकडे वाचा, बोटाने घासून माती काढा आणि वाचा. मोठ्या कपलरखाली २ इंची बॉल असेल तर लॅच अगदी सहज लागतो, त्यामुळे शंकाही येत नाही. पण फरक जवळजवळ ८ मिलिमीटरचा असतो आणि एका चांगल्या खड्ड्यात कपलर वर उडतो. शेजाऱ्याकडून बॉल माउंट (बॉल बसवलेला दांडा) मागून आणला असेल, किंवा आधी छोटी सामानाची ट्रेलर ओढत असाल, तर ही चूक हमखास होते.

माउंट रिसीव्हरमध्ये, म्हणजे पिकअपच्या मागच्या चौकोनी नळीत, सरकवल्यावर आडवी पिन आरपार गेली आहे आणि तिला क्लिप लागली आहे, हेही डोळ्यांनी बघा. २ इंची रिसीव्हरला ही पिन ५/८ इंच जाडीची असते. क्लिप हरवली म्हणून तारेचा तुकडा वळवून लावलेला मी पाहिला आहे. नवी क्लिप दोन-चार डॉलरला मिळते, कृपा करून ती घ्या.

लॅच खाली जातच नाही

जोर लावू नका, हातोडी तर मुळीच नको. लॅच जात नाही याचा अर्थ बॉल आत नीट बसायला जागा राहिलेली नाही.

बहुतेक कपलरमध्ये वर एक वाटी असते आणि मागच्या बाजूने बॉलच्या खाली येणारी एक जीभ असते. लॅच दाबला की ही जीभ पुढे येऊन बॉलला खालून धरते. पिकअप अर्धा इंच जास्त मागे आला असेल तर बॉल त्या जिभेच्या वाटेत येतो आणि लॅच अडतो. म्हणून ट्रेलरच्या चाकांना चॉक, म्हणजे आपली उटी, दोन्ही बाजूंनी घट्ट लावा. लॅच उघडा ठेवून पिकअप अगदी नखभर पुढे घ्या, थांबवा, पार्किंग ब्रेक लावा आणि मग लॅच दाबून बघा. दहापैकी आठ वेळा तो आपोआप टक् करून बसतो. नाही बसला तर जॅकने टंग पुन्हा पूर्ण वर घ्या आणि पहिल्यापासून करा. "थोडंसंच राहिलंय" म्हणून अर्ध्यातून ढकलाढकली केली की वेळ दुप्पट जातो.

तरीही अडत असेल तर टंगखाली वाकून कपलर आतून पाहा. वाटीत वाळलेलं ग्रीस, वाळू, कधी गांधीलमाशीचं घरसुद्धा असतं. पुसून घ्या, जिभेच्या सांध्यावर थोडं तेल सोडा. बऱ्याच कपलरच्या खाली एक नट असतो, तो जास्त आवळला गेला की जीभ हलायला जागाच उरत नाही. तो थोडा सैल करावा लागतो. पण उलट टोकाला जाऊन ढिला ठेवला तर पुढचा, जास्त धोक्याचा त्रास सुरू होतो.

लॅच लागला, पण बॉल आत नाही

आमचं त्या दिवशी हेच झालं होतं. टंग खाली आणताना लॅच आधीच बंद स्थितीत होता. जीभ बॉलच्या खाली जाण्याऐवजी बॉलच्या माथ्यावर टेकली. वरून बघताना सगळं छान दिसत होतं, लीव्हर आडवा होता, लॅचमधली पिनही गेली. ट्रेलरचं वजन कपलरला खाली दाबून ठेवत होतं, म्हणून सपाट रस्त्यावर काहीच कळलं नाही. पहिल्या उंचवट्याने ते उघडं पाडलं.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे आणि त्याला दोन मिनिटं लागतात. लॅच लावा, पिन घाला, आणि मग टंगचा जॅक उलट्या दिशेने फिरवून टंग वर उचला. ट्रेलरबरोबर पिकअपचं मागचं अंगही दोन-तीन इंच वर आलं पाहिजे. पिकअपचे मागचे स्प्रिंग सैल होताना दिसतात, बंपर वर सरकतो. कपलर बॉल सोडून एकटाच वर आला तर जोडणी खोटी होती, आणि ती रस्त्यावर कळण्याऐवजी घराच्या अंगणात कळली. ही परीक्षा मी दर वेळी करते, आदल्या रात्री ट्रेलर जोडून ठेवला असला तरी सकाळी पुन्हा करते.

खालून बघून खात्री करायची असेल तर टॉर्च वापरा. बोट घालून चाचपू नका. तेवढ्यात कोणी जॅक हलवला तर बोट राहत नाही.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच (टंगवरचं वजन इतर चाकांवर वाटणारा हिच) असेल तर या उचलण्यात दुसरंही काम होतं. त्याचे दोन स्प्रिंग बार टंग खाली असताना लावायला गेलात तर अंगातलं सगळं बळ लागतं आणि बार निसटला तर हाड मोडतं. टंग आणि पिकअपची मागची बाजू एकत्र वर असताना बार जवळजवळ हाताने बसतात. मी कित्येक जणांना पाइपवर लटकून बार ओढताना पाहिलं आहे, त्यांना कोणी हे सांगितलेलंच नसतं.

मुक्कामावर पोचल्यावर सुटत नाही

हा त्रास साधा आहे. रिव्हर्स घेऊन जागेवर लावलं की बॉल मागच्या जिभेवर दाबलेला राहतो. उटी लावा, पिकअप एक इंच पुढे घ्या, लॅच उघडेल. नाही उघडला तर एक इंच मागे. चाकांना उटी लावल्याशिवाय लॅचला हात लावायचा नाही, उतार दिसत नसला तरी.

शेपूट हलतं, दर सहलीला

आता मोठा प्रश्न. आधी ओळखायचं कसं ते सांगते. अठरा चाकी ट्रक शेजारून गेला की हवेचा एक धक्का बसणारच. ट्रेलर एकदा हलतो आणि स्वतःहून शांत होतो, तेवढ्याची काळजी करू नका. दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा मोठा आणि तिसरा त्याहून मोठा येत असेल, तर त्या जोडणीत दोष आहे. वारा किंवा ट्रक हे निमित्त असतं.

आम्ही ऑस्टिनहून डेव्हिस माउंटन्सकडे निघालो होतो. हायवे २९० ने जाऊन आय-१० ला लागलो आणि पश्चिमेकडच्या मोकळ्या माळावर हे सुरू झालं. आदल्या वर्षी त्याच ट्रेलरने त्याच रस्त्यावर काही केलं नव्हतं. नवऱ्याला वाटलं टायर बिघडले, मला वाटलं हिच ढिला झाला. फोर्ट स्टॉकटनला थांबलो. आप्पा, माझे वडील, तेव्हा आमच्याकडे आले होते. वाळवा तालुक्यातले शेतकरी, उभी हयात कारखान्याला बैलगाडीने ऊस घालण्यात गेलेली. ते ट्रेलरभोवती एक फेरी मारून आले, मागे लावलेल्या सायकलींकडे पाहिलं, मग पुढे येऊन टंगकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, ही उलाळ झालीया. धुरेवर वजनच न्हाय."

ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना आणखी काही सांगायला नको. साट्यात मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि सापती बैलाच्या गळ्याला रुतते. पुढे जास्त झालं की गाडी धुरजड होते, बैलांच्या मानेवर भार येतो. ऊस भरणारा माणूस मोळ्या पुढे-मागे सरकवत हाच तोल साधत असतो. ट्रेलरची टंग म्हणजे गाडीची दांडी आणि बॉल म्हणजे जू. दांडीवर पुरेसं वजन असेल तर ट्रेलर सरळ मागे येतो. मागचं टोक जड झालं की ते स्वतःच्या जोरावर लोलकासारखं झुलायला लागतं, आणि वेग वाढला की झुलणं वाढतं.

इंग्रजी पुस्तिकांत याला टंग वेट म्हणतात. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन बॉलवर यायला हवं.

आमचं काय झालं होतं त्याचा हिशेब आम्ही नंतर मांडला. आदल्या वर्षी भरलेला ट्रेलर ४,८३० पौंड आणि टंगवर ५६० पौंड, म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या थोडं वर. या वर्षी मागच्या बंपरवर रॅक आणि दोन इलेक्ट्रिक सायकली आल्या, सगळं मिळून १७० पौंड. वाढ फार वाटत नाही. पण रॅक अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, मागे ११ फुटांवर आणि बॉल अ‍ॅक्सलच्या पुढे १३ फुटांवर. सी-सॉसारखं मागचं वजन पुढचं टोक उचलतं: १७० गुणिले ११ भागिले १३, सुमारे १४४ पौंड टंगवरून गेले. राहिले ४१६. एकूण वजन झालं ५,०००. टक्केवारी आली ८ वर. त्यात आमची पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या मागे आहे आणि ती आम्ही घरूनच काठोकाठ भरली होती. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांहून जास्त भरतं, म्हणजे ३० गॅलनचे २५० पौंड. ते पण उलाळच्या बाजूला.

फोर्ट स्टॉकटनलाच पाणी सोडून दिलं, सायकली पिकअपच्या पाठीवर चढवल्या, मागच्या कपाटातले डबे आणि बार्बेक्यूची शेगडी अ‍ॅक्सलच्या पुढे आणली. पुढचा सगळा रस्ता ट्रेलर गपगुमान मागे आला. आप्पांना मी त्या दिवशी फोर्ट डेव्हिसपर्यंत पुढच्या सीटवर बसवलं.

तुमच्याकडेही त्रास "अधूनमधून" येत असेल तर आधी हे शोधा की त्या सहलीला सामान कुठे भरलं होतं. दर वेळी वेगळं भरलं जातं, म्हणून त्रास येतो-जातो आणि माणूस हिचवर संशय घेत बसतो. टाकी तुमच्या ट्रेलरमध्ये अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे हे एकदा वाकून बघून ठेवा. पुढे असेल तर पाणी भरल्याने टंग जड होते, मागे असेल तर हलकी.

वजन मोजायचं कसं

अंदाजाने नाही. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात, त्यांना वेगवेगळे पाट असतात. पुढचा अ‍ॅक्सल पहिल्या पाटावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलरचा तिसऱ्यावर घ्या. स्प्रिंग बार काढून एकदा जोडलेलं वजन करा. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सुरक्षित उभा करून फक्त पिकअपचं, माणसं आणि सामान तेच ठेवून, पुन्हा करा. पिकअपच्या दोन अ‍ॅक्सलच्या बेरजेत जो फरक येईल तेवढं टंगचं वजन. बार काढायचे कारण ते टंगवरचं थोडं वजन ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतात, आणि आकडा कमी दिसतो.

काटा जवळ नसेल तर घरच्या वजनकाट्यानेही जमतं. सपाट जमिनीवर उटी लावा आणि एक मजबूत फळी घ्या. तिचं एक टोक पाइपवर टेकवा, दुसऱ्या टोकाखाली पाइप ठेवून तो वजनकाट्यावर ठेवा. दोन पाइपमधलं अंतर ३ फूट ठेवा. टंग पहिल्या पाइपपासून १ फुटावर, म्हणजे काट्यापासून २ फुटांवर टेकवा. काट्यावर जो आकडा येईल त्याला ३ ने गुणा. फळी आणि टंगचा टेकू आधीच काट्यावर शून्य करून घ्या किंवा वजा करा.

आता दुसरी बाजू. टंग धुरजड करत सुटायचं नाही, कारण ते सगळं वजन पिकअपच्या पोटात मोजलं जातं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर असतं. समजा तो आकडा १,४०० पौंड आहे. चार माणसं ६००, टंग ६००, हिच स्वतः ९०. उरले ११० पौंड, तेवढ्यात मागे टाकायचं सगळं सामान. आम्ही सायकली पिकअपवर चढवल्या तेव्हा हा हिशेब तिथेच कागदावर केला होता. डीलरकडे "ही गाडी ७,००० पौंड ओढते" हे सांगितलं जातं, या स्टिकरबद्दल मला कोणी बोललं नव्हतं. नवीन घेणाऱ्याने तो आकडा ट्रेलर बघायला जाण्याआधी वाचावा.

बॉलची उंचीही तपासा. जोडल्यावर ट्रेलर सपाट किंवा नाक अगदी किंचित खाली असावा. नाक वर असेल तर ओझं मागे जातं आणि झुलणं वाढतं. त्यासाठी बॉल माउंट वेगळ्या उंचीचा लागतो. स्प्रिंग बार बरोबर आवळलेत का हे बघायला पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा: ट्रेलर न जोडता, जोडून, आणि बार लावून. जोडल्यावर पुढचं अंग वर येतं, बार ते परत खाली आणतात. किती खाली आणायचं हे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, कारण सगळे उत्पादक एकच आकडा देत नाहीत.

घर्षणाने झुलणं रोखणारे स्वे बार चांगलेच असतात, आमच्याकडे आहेत. पण वजन दुरुस्त करायच्या आधी ते लावले तर आजार झाकला जातो. आधी वजन, मग टायर, मग हिचचे नट, आणि हे झाल्यावर स्वे बार.

टायरचं सांगायचं तर ट्रेलरचे एसटी (खास ट्रेलरसाठी बनवलेले) टायर थंड असताना हवा तपासा, मऊ टायरवर ट्रेलर लवकर झुलतो. यातल्या बऱ्याच टायरची वेगमर्यादा ६५ मैल असते. पश्चिम टेक्सासमध्ये आय-१० वर ८० ची पाटी दिसते, ती तुमच्यासाठी नाही. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ च्या वर जाताच येत नाही. आम्ही ६० धरतो.

रस्त्यावर झुलायला लागलाच तर

पाय गॅसवरून हळूच उचला. स्टीअरिंग सरळ धरून ठेवा, हेलकाव्याच्या उलट वळवायचा मोह आवरा. पायाने ब्रेक दाबू नका. डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरचा (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राचा) हाताचा लीव्हर हलकेच दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. वेग वाढवून "ओढून सरळ करतो" म्हणणारे भेटतील, ऐकू नका. हा लीव्हर कुठे आहे हे अंधारातही हाताला कळलं पाहिजे. रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी २०-२५ मैलांवर तो दाबून सराव करा. ट्रेलर ठळकपणे ओढला गेला पाहिजे, पण चाकं लॉक होता कामा नयेत. तसं होईपर्यंत कंट्रोलरचा गेन, म्हणजे ब्रेकचा जोर, कमी-जास्त करा. जो कोणी ट्रेलर चालवतो, त्या प्रत्येकाने हा सराव करायचा. आमच्याकडे मी चालवते, तरी नवऱ्यानेही केला आहे.

साखळ्या, ब्रेकअवे आणि लाइट

साखळ्या टंगखाली एकमेकींवरून फुली करून लावा, म्हणजे कपलर सुटला तर टंग झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. त्या दिवशी आम्हाला याच फुलीने वाचवलं. वळताना ताण येणार नाही इतक्या सैल, पण जमिनीला घासणार नाहीत इतक्या आखूड ठेवा.

ब्रेकअवेची बारीक वायर साखळीच्या हुकात अडकवू नका आणि निघणाऱ्या बॉल माउंटलाही नको. ती पिकअपच्या पक्क्या भागाला स्वतंत्र बांधा. ट्रेलर पूर्ण सुटला तर ही वायर एक पिन ओढते आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक लागतात. बॅटरी मेलेली असेल तर काहीच लागत नाही, म्हणून निघण्याआधी ती तपासा.

सातपिनी प्लग लावल्यावर लाइट चित्रविचित्र वागत असतील, म्हणजे डावा सिग्नल दिला की दोन्ही मंद लुकलुकतात, तर आधी ग्राउंड बघा. बहुधा पांढरी वायर असते, तिचा ट्रेलरच्या चौकटीला जोडलेला स्क्रू गंजलेला सापडतो. सँडपेपरने घासून घट्ट करा. बल्ब बदलण्यात आम्ही एक अख्खा रविवार घालवला होता आणि दोष त्या एका स्क्रूत होता.

शेवटी जोडणी करणाऱ्याशी मध्येच कोणी बोलायचं नाही, एवढा नियम घरात करा. आमच्याकडे माझ्या हातात टॉर्च असली की मुलं गप्प बसतात. मी उचलून बघते, पिकअपचं मागचं अंग वर आलं की "बसलं" असं मोठ्याने म्हणते, आणि मगच सगळे गाडीत चढतात.